निर्वात ओढत नाही : घरच्या घरी प्लास्टिकचा नकाशा

(कडाव येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पत्रिकेवर आमच्या नावापुढं तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट छापलीय आणि खाली विषय दिलाय तो प्लास्टिकला आकार देण्याचा. मघाशी चहाच्या वेळी एकानं हळूच विचारलंसुद्धा, ‘सर, छपाईत काही घोटाळा झालाय का?’ घोटाळा नाही. पस्तीस वर्षं आम्ही कारणमीमांसा शिकवली. कार्य म्हणजे काय, कारण म्हणजे काय, माती हे घटाचं कोणतं कारण, कुंभार कोणतं, दंड कोणतं. उदाहरण नेहमी घटाचंच. पण त्या पस्तीस वर्षांत आम्ही एकदाही चाकापाशी बसलो नाही, मातीला हात लावला नाही. निवृत्त होऊन कडावला राहायला आलो, सत्तरी उलटली, आणि मग पहिल्यांदा स्वतःच्या हातानं एक वस्तू केली. तेव्हा लक्षात आलं की आपण इतकी वर्षं जे शिकवत होतो त्यातला एक मुद्दा आपल्यालाच नीट उमगला नव्हता. आज तो मुद्दा सांगायचा आहे. वस्तू कशी केली तेही सांगू, म्हणजे ज्यांना करून बघायची असेल त्यांना बघता येईल.

कागद सगळीकडं सारखाच लागतो

आमच्या शेजारी एक मुलगी राहते. सातवीत आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. ब्रेल वाचते, तोंडी हिशेब आमच्यापेक्षा लवकर करते, आणि सर कुठल्या अंगानं येतेय हे छत्री उघडायच्या आत सांगते. एकदा संध्याकाळी ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, ‘आजोबा, भूगोलाच्या तासाला सर माझं बोट नकाशावरनं फिरवतात. म्हणतात हे माथेरान, ही उल्हास, हे आपलं कडाव. पण कागद सगळीकडं सारखाच लागतो.’

त्या सरांचा काही दोष नाही. त्यांनी निदान बोट तरी फिरवलं. पण ते वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. आम्ही ठरवलं, हिला हाताला लागेल असा नकाशा करून द्यायचा. आपल्याच मुलखाचा.

आपला मुलूख त्यासाठी अगदी योग्य आहे बरं का. पश्चिमेला माथेरान, सुमारे ८०० मीटर. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, भीमाशंकरच्या बाजूला हजार मीटरच्या आसपास. मधे भातखाचरांचा सपाट पट्टा, त्याची उंची शंभर मीटरसुद्धा भरत नाही. त्या पट्ट्यातून उल्हास दक्षिणेकडून येते आणि नेरळवरून कल्याणकडं जाते. पूर्वेकडून पेज येऊन तिला मिळते. १ सेंटिमीटरला १ किलोमीटर हे प्रमाण धरलं, तर पूर्व-पश्चिम ३० सेंटिमीटर आणि दक्षिण-उत्तर २० सेंटिमीटर एवढ्यात माथेरानपासून भीमाशंकरपर्यंत सगळं बसतं. त्या प्रमाणात माथेरान ८ मिलिमीटरचं होतं. बोटाला ते जरा कमी वाटतं, म्हणून आम्ही उंची दुप्पट धरली. माथेरान १६ मिलिमीटर, सह्याद्री २० मिलिमीटर.

पहिला नकाशा पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून केला. मुलगी खूश झाली. पण पावसाळ्याच्या पहिल्याच महिन्यात त्याला बुरशी आली, आणि रोज बोटं फिरून नदीची कड झिजली. शिवाय नकाशा एकच. तिच्यासारखी आणखी दोन मुलं तालुक्यात आहेत म्हणे, त्यांना काय देणार? तेव्हा आमचा कारखान्यात काम करणारा पुतण्या म्हणाला, ‘काका, मूळ एकच ठेवा, त्यावरून प्लास्टिकच्या प्रती काढा. व्हॅक्यूम फॉर्मिंग करा.’

रोज पाहतो ती गोष्ट

नाव मोठं आहे, वस्तू ओळखीची आहे. फ्रिज उघडला की आतलं पांढरं अखंड भांडं दिसतं, कप्प्यांच्या खाचांसकट. ते असंच केलेलं असतं. मिठाईच्या खोक्यातला पेढ्यांच्या खळग्यांचा ट्रे, तोही असाच. पायात ताकद कमी असलेल्या मुलांच्या घोट्याला आधार देणारी पॉलिप्रॉपिलीनची पट्टी बघितली असेल. त्या पायाच्या प्लास्टरच्या साच्यावर तापलेली शीट टाकून ती पट्टी घडवतात. आणि अंधांच्या शिक्षणात तर ही रीत जुनीच आहे. कागदावर उमटवलेलं ब्रेलचं पान खाली ठेवायचं, वर पातळ प्लास्टिक, ते तापवायचं, खालची हवा काढायची, की ठिपक्या-ठिपक्यासह प्रत तयार. त्या यंत्राला थर्मोफॉर्म म्हणतात. म्हणजे आम्ही नवं काही शोधलं नाही. जे मोठ्या संस्थांत होतं ते पडवीत करून पाहिलं, एवढंच.

कृती एका वाक्यात सांगता येते. प्लास्टिकची शीट मऊ होईपर्यंत तापवायची, साच्यावर अंथरायची, शीट आणि साचा यांच्यामधली हवा काढून घ्यायची, गार होऊ द्यायची. शीट साच्याचा आकार धरून बसते.

आता प्रश्न असा, की शीटला साच्यावर कोण बसवतं? सगळे म्हणतात, निर्वात खेचतो. आमचा पुतण्याही तेच म्हणतो, आणि तो इंजिनियर आहे. इथं जरा थांबू.

ढकलणारा कोण?

शहाळ्यात नळी घालून पाणी पितो तेव्हा आपल्याला वाटतं आपण पाणी ओढलं. आपण फक्त नळीतली हवा कमी केली. शहाळ्यातल्या पाण्यावर बाहेरची हवा दाब देऊन बसलेलीच होती, तिनं पाणी वर ढकललं. तुमच्यापैकी ज्यांच्या शेतात विहीर आहे त्यांना याचा पुरावा ठाऊक आहे. पाणी खोल गेलं की वरची मोटर पाणी उचलत नाही, मग ती विहिरीत उतरवून कट्ट्यावर बसवावी लागते. मोटर कितीही ताकदीची आणा, पंचवीस फुटांच्या खाली गेलं की तक्रार सुरू. का? निर्वात ओढत असता तर जास्त निर्वात केल्यावर जास्त ओढलं असतं. पण ढकलणारी हवा आहे, आणि हवेची ताकद ठरलेली आहे. ती फार तर १० मीटरच्या थोडं वर पाणी चढवू शकते. प्रत्यक्षात त्याहून कमीच.

हे युरोपात कळायला सतरावं शतक उजाडलं. त्याआधी ॲरिस्टॉटलच्या परंपरेत म्हणायचे, निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे, म्हणून तो ती भरून काढतो. तोरिचेल्लीनं १६४३ च्या सुमारास पाऱ्याची नळी उलटी करून दाखवली आणि सांगितलं, तिटकारा वगैरे काही नाही, आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, त्या समुद्राचं वजन हे काम करतं. पुढं १६५७ मध्ये गेरिकेनं माग्देबर्गला तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली. दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले तरी ते गोल सुटेनात. आत काही चिकटवलेलं नव्हतं. बाहेरून हवा दाबत होती.

आपल्या नकाशाला हे लावा. हवेचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो. नकाशा २० गुणिले ३०, म्हणजे ६०० चौरस सेंटिमीटर. खालची सगळी हवा काढली तर वरून ६०० किलोहून जास्त वजन शीटवर बसेल. घरातला व्हॅक्यूम क्लीनर सगळी हवा काढू शकत नाही. चांगला असला तर दाब पाचव्या-सहाव्या हिश्शानं कमी करतो. तरी १०० ते १२० किलो झाले. म्हणजे भाताची भरलेली दोन पोती शीटवर सारखी पसरून ठेवल्यासारखं. पहिल्या पेटीत आतून टेकू द्यायला आम्ही विसरलो होतो. क्लीनर सुरू करताच पेटीचं झाकण मधे खचलं. दोन पोती खरी आहेत हे तेव्हा पटलं.

सामान आणि कृती

पेटी अशी. १२ मिलिमीटरच्या प्लायवूडची, नकाशापेक्षा चारी बाजूंनी थोडी मोठी, ८ सेंटिमीटर उंच. वर भोकांचा हार्डबोर्ड, दुकानात वस्तू टांगायला लावतात तसला. आतून चार-सहा ठोकळ्यांचे टेकू. एका बाजूला क्लीनरची नळी घट्ट बसेल एवढं भोक. सगळे सांधे सिलिकॉननं बंद. वरच्या कडेला दाराच्या फटीला लावतात ती फोमची पट्टी, म्हणजे चौकट टेकली की हवा बाजूनं आत येणार नाही.

चौकट ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची, दोन सारख्या. त्यांच्यामधे शीट ठेवून कडेनं बाइंडर क्लिपा लावायच्या. शीट चारी बाजूंनी पकडलेली हवी, नाहीतर तापताच आक्रसते.

शीट कुठली? सुरुवातीला हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन घ्या. बाजारात हिप्स शीट म्हणून मिळते. स्वभावानं गरीब आहे, चुका पोटात घालते. १५० ते १७० अंशांच्या आसपास छान मऊ होते. पारदर्शक हवी असेल तर पीईटीजी. पण काही प्लास्टिकं हवेतली ओल शोषतात आणि तापवली की आत फोड येतात. आपल्याकडं आषाढ-श्रावणात भिंतीसुद्धा घामेजतात, तेव्हा अशा शीटा आधी मंद आचेवर वाळवून घ्याव्या लागतात. हिप्सला ही कटकट कमी.

तापवायला लहान वस्तूसाठी घरातला ओटीजी चालतो, पण एकदा प्लास्टिकला वापरला की पुन्हा त्यात केक करायचा नाही. आमच्या मापाला तो लहान पडला. एका बेकरीतली मोडीत निघालेली विजेची छोटी भट्टी मिळाली, ती दुरुस्त करून घेतली.

आता मुख्य गोष्ट. किती वेळ तापवायचं? आम्ही आधी घड्याळ लावून बसायचो. चूक. शीटकडं बघायचं. आत गेल्यावर थोड्या वेळानं तिला सुरकुत्या पडतात, ती वळवळते. घाबरून बाहेर काढू नका. मग ती आपली आपण ताणून सपाट होते. आणि त्यानंतर मधे झोळ येऊ लागतो, उन्हात टांगलेल्या ताडपत्रीवर पाणी साठल्यासारखा. झोळ दोन-तीन सेंटिमीटरचा झाला की वेळ झाली. चामड्याचे हातमोजे घालून चौकट काढायची, तीन-चार सेकंदांत साच्यावर खाली न्यायची, कडा फोमवर टेकली की क्लीनर सुरू. वीस-तीस सेकंद सुरू ठेवायचा, शीट कडक होईपर्यंत. त्याहून जास्त नको, कारण तोंड बंद केलेल्या क्लीनरची मोटर तापते.

साच्याबद्दल दोन गोष्टी. पहिली, उभ्या भिंतींना तीन-चार अंशांचा तरी उतार हवा, नाहीतर शीट साच्याला आवळून बसते आणि निघत नाही. थोडी टाल्कम पावडर लावावी. दुसरी, आत वळलेली खाच नको. आपल्याला पेणचे गणपती माहीत आहेत. समजा त्या मूर्तीवरच तुम्ही शीट बसवली, तर प्लास्टिक सोंडेच्या मागं शिरेल आणि अडकेल. मग मूर्ती तरी फोडा नाहीतर शीट कापा. सह्याद्रीचे कडे कितीही सरळसोट असले तरी ते सोंडेसारखे आत वळत नाहीत, हे आमचं नशीब.

आपलं गाव हवेत आहे

पुठ्ठ्याच्या थरांवर प्लास्टर ऑफ पॅरिस देऊन साचा केला, चांगला आठवडाभर वाळवला, आणि पहिली शीट काढली. दिसायला सुंदर. माथेरानचा माथा, सह्याद्रीची धार, सगळं चकचकीत. आम्ही मोठ्या ऐटीत ती मुलीच्या हातात दिली. तिनं डावीकडून सुरुवात केली, माथेरानवर बोट चढवलं, पुढं सरकवलं, आणि थांबली. पुन्हा मागं गेली. म्हणाली, ‘आजोबा, माथेरानवरनं खाली उतरताच येत नाही. आपलं गाव हवेत आहे.’

आम्ही शीट उलटून बघितली. खरंच की. मऊ शीट दोन डोंगरांच्या माथ्यांवर आधी टेकली, दोन खांबांवर मांडव टाकावा तशी. कडेनं ती खाली बसली, पण मधल्या पट्ट्यातली हवा कोंडली. तिला जायला वाटच नव्हती. उल्हासचं खोरं, पेज, कर्जत, कडाव, सगळं त्या हवेच्या उशीवर तरंगत राहिलं. आम्हाला डोळे होते, आणि आम्हाला ते दिसलं नव्हतं. शीट पांढरी, चकचकीत, वरून सगळं बरं वाटत होतं.

आणि हा तो क्षण, मंडळी, जेव्हा आमचा मुद्दा आम्हाला कळला. आम्ही काय केलं असेल? जास्त ताकदीचा क्लीनर मागून आणला. म्हणजे तोंडानं ‘हवा ढकलते’ म्हणत होतो आणि हात ‘निर्वात ओढतो’ असं समजून वागत होते. मोठ्या क्लीनरनं काही फरक पडला नाही. गाव हवेतच.

मग बारीक ड्रिलनं साच्यात भोकं पाडली. उल्हासच्या पात्रातून, पेजच्या पात्रातून, सह्याद्रीच्या पायथ्याशी, जिथं जिथं शीट शेवटी पोचते तिथं. जुनाच, छोटा क्लीनर लावला. शीट एका दमात खाली बसली. गाव जमिनीवर आलं.

पण भोकं २ मिलिमीटरची होती. मुलगी म्हणाली, ‘नदीत या विहिरी कशाच्या?’ गरम शीट भोकात किंचित बसून खळगे पडले होते. तुम्हाला-आम्हाला ते खपले असते. ब्रेल वाचणाऱ्या बोटाला नाही. तिथं एक ठिपका उंच असतो अर्धा मिलिमीटर आणि शेजारच्या ठिपक्यापासून अडीच मिलिमीटरवर. ती भोकं बुजवली आणि १ मिलिमीटरहून बारीक ड्रिलनं पुन्हा पाडली.

नावांचाही प्रश्न होता. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली, त्यात मराठीचा ‘क’ पहिल्या आणि तिसऱ्या ठिपक्यानं लिहितात. पण कर्जतलाही क आणि कडावलाही क. मुलीनंच तोड काढली. कर्जतला अक्षर, आणि कडावला नुसता मोहरीचा एक दाणा चिकटवायचा. ‘आपलं गाव मला वाचायला कशाला लागतं?’ म्हणाली. रेल्वे म्हणून सुतळी लावली. कागदावर उमटवलेली अक्षरं साच्यावर चिकटवली. १ मिलिमीटरच्या शीटवर ठिपके बोथट उमटले, वाचता येईनात. अर्ध्या मिलिमीटरची शीट घेतली तेव्हा आले.

पातळ शीटची अडचण वेगळी. शीट ताणली जाते तेव्हा प्लास्टिक वाढत नाही, फक्त पसरतं. समजा १० गुणिले १० सेंटिमीटरच्या तोंडाचा, ५ सेंटिमीटर खोल खळगा आहे. तोंडाचं क्षेत्रफळ १००, आतल्या तळाचं आणि भिंतींचं मिळून ३००. म्हणजे जाडी सरासरी तिसऱ्या हिश्शावर येणार, आणि कोपऱ्यांत त्याहूनही कमी. म्हणून पातळ शीटनं खोल वस्तू करू नये. आपला नकाशा २ सेंटिमीटर उंचीचा, त्यात निभावतं.

अडथळ्याचा अभाव

आता आमच्या जुन्या पोथीकडं येऊ. फार वेळ घेणार नाही.

वैशेषिकांच्या पदार्थांच्या यादीत शेवटी अभाव हा पदार्थ येतो. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि अभाव. विद्यार्थी दरवर्षी विचारायचे, ‘सर, जे नाहीच ते पदार्थ कसं?’ त्यावर न्यायातलं एक उदाहरण आहे. अग्नी लाकूड जाळतो. पण एक विशिष्ट मणी जवळ ठेवला तर अग्नी असूनही जळत नाही, अशी त्या काळची समजूत. मणी काढला की पुन्हा जळतं. याची उपपत्ती काय? मीमांसक म्हणाले, अग्नीत एक शक्ती आहे, मणी ती नष्ट करतो. नैयायिक म्हणाले, वेगळी शक्ती मानायची गरज नाही. अग्नी तसाच आहे. मात्र जळण्याच्या कारणसामग्रीत एक गोष्ट धरली पाहिजे, ती म्हणजे प्रतिबंधकाचा अभाव. अडथळा नसणं हेही कारण.

आम्ही हे शब्दशः शिकवलं. परीक्षेत प्रश्नही काढले. पण मनात कुठंतरी वाटत राहिलं की ही शब्दांची कसरत आहे. जे नाही ते काय करणार? खरं काम करणारं काहीतरी असणारच, खेचणारं, ओढणारं. मोठा क्लीनर आणायला आम्ही धावलो ते त्यामुळंच.

शीटवर बघा. हवा आधीही दाबतच होती, खालून आणि वरून सारखी. क्लीनर लावल्यावर वरच्या हवेत काही नवी ताकद आली नाही. खालून जी अडवत होती ती हवा गेली, एवढंच. क्लीनरनं काही केलं नाही असं नव्हे. त्यानं अडथळा दूर केला. आणि जिथं अडथळ्याला जायला वाट नव्हती, तिथं कितीही ताकद लावून उपयोग झाला नाही. उपाय म्हणजे बारीक भोकं. जिथं काही नाही अशी जागा.

आपल्याकडं कोंढाण्याची लेणी आहेत. कारागिरानं तिथं काही आणून बसवलं नाही, दगड काढत गेला, आणि चैत्य उरला. आम्ही अनेकदा विद्यार्थ्यांना घेऊन तिथं गेलो, आणि अभावाचा पाठ मात्र वर्गात खडूनं शिकवला.

त्या मुलीबद्दलही आम्ही असाच चुकीचा विचार करत होतो, हे कबूल करतो. आम्हाला वाटायचं, तिला जास्त समजावून सांगायला हवं, जास्त वेळ द्यायला हवा, म्हणजे भूगोल तिच्या डोक्यात ओढून भरायला हवा. तिची समज आधीपासून पुरेपूर दाबत होती. मधे सपाट कागद होता.

हातानं काम करताना जे कळतं ते वेगळं असतं, हे काही आम्ही पहिल्यांदा सांगत नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विश्वासावर. शाळेतली मुलं तिथं वेल्डिंग करतात, शेती करतात, आणि त्यातून शास्त्र शिकतात. आम्ही हे वाचलं होतं, त्यावर भाषणंही दिली होती. वाचणं आणि गरम चौकट हातात धरणं यांत फरक आहे.

जपायचं काय

तीन सूचना, आणि त्या गंभीरपणे घ्या.

पीव्हीसी घरी तापवू नका. फ्लेक्सचे बॅनर, पाण्याचे पाइप, हे पीव्हीसी. जास्त तापलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो, तो फुप्फुसाला घातक. कुठलं प्लास्टिक आहे हे ठाऊक नसेल तर ते भट्टीत जाऊ नये. काम नेहमी उघड्या पडवीत, वारा आपल्या पाठीकडून येईल असं उभं राहून करावं. धूर निघाला म्हणजे शीट जळतेय, तिथंच थांबावं.

दुसरी, गरम शीट कातडीला चिकटते. लहान मुलांनी लांबून बघावं. आमच्या मनगटावर एक डाग आहे, तो घाईचा.

तिसरी प्लास्टिकची. आपल्या राज्यानं २०१८ च्या मार्चमध्ये एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक-थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. २०२२ च्या जुलैपासून देशभर तशी बंदी आली. पेजच्या काठी पावसानंतर झाडांना काय लटकलेलं असतं ते तुम्ही बघता. म्हणून आम्ही स्वतःला एक नियम घातलाय. जी वस्तू निदान दहा वर्षं वापरात राहील तीच करायची. फसलेल्या शीटा फेकत नाही, कापून त्यांवर नदीच्या खाचा, ब्रेलचे ठिपके असे लहान प्रयोग करतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*व्हॅक्यूम क्लीनर नसेल तर?* सायकलच्या पंपातला चामड्याचा वॉशर उलटा बसवून आणि झडप लावून हवा काढता येते. पण तो हळू आहे, आणि शीट काही सेकंदांत गार होते. म्हणून हवा आधीच एखाद्या जाड लोखंडी टाकीतून काढून ठेवायची, जुन्या कॉम्प्रेसरची टाकी चालेल, आणि शीट बसताच मधला कॉक उघडायचा. पातळ डबा वापरू नका, चेपतो. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसरही काही जण वापरतात, पण त्यातला गॅस जाणकार मेकॅनिककडून काढून घेतल्याशिवाय हात लावू नये.

*पाण्याच्या बाटल्या कापून शीट करता येईल का?* नाही. बाटली करताना ते प्लास्टिक आधीच ताणलेलं असतं. तापवलं की ते मऊ होऊन बसण्याऐवजी आक्रसून गोळा होतं. आम्ही करून बघितलंय.

*डोळस मुलांना याचा काय उपयोग?* पारदर्शक शीटवर प्रत काढा आणि खाली त्याच मापाचा छापील रंगीत नकाशा ठेवा. वर्गातली सगळी मुलं एकच नकाशा वापरतील. एक बोटानं, एक डोळ्यानं. बाकावर शेजारी बसून.

*त्या मुलीला आता नकाशा पाठ झाला का?* पाठ झाला, आणि जुनाही झाला. आता तिला रायगड जिल्ह्याचा हवाय. समुद्र कुठं लागतो ते बघायचंय म्हणे. समुद्र हाताला कसा लागावा, यावर सध्या आमच्या ओट्यावर वाद चालू आहे. ती म्हणते बारीक वाळूचा कागद लावा, आम्ही म्हणतो गुळगुळीत ठेवू. बहुधा तिचंच ऐकावं लागेल.

साचा आणि तीन प्रती त्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना बघून जा. आधी डोळे मिटून बोट फिरवा, मोहरीचा दाणा सापडला की मग उघडा.